शेजाऱ्यानं किती सांगितलं?

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कारखान्याजवळच्या वस्तीवर दोरीवरच्या बनियनवर राख बसते, तसे ते आपोआप बसत जातात. संध्याकाळी बारामतीला परत आलो, गाड्या लावल्या, समोरच्या टपरीवर चहा सांगितला की कुणीतरी म्हणतंच, "आज काय झालं माहितीय का?" हा कुणीतरी बहुतेक वेळा बिरू खरात असतो. आणि बहुतेक वेळा त्याचा किस्सा माझ्यापेक्षा चांगला असतो. तिथूनच माझं डोकं दुखायला लागतं.

आमचं काम आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीही आम्हाला इन्कम टॅक्सवाले समजाल. पुण्याच्या एका प्राध्यापक मॅडमनी प्रोजेक्ट घेतलाय. कारखान्याने ओढ्यात सोडलेलं घाण पाणी, चिमणीची राख, निरनिराळे टॅक्स, सरकारी योजना, या सगळ्यापायी लोकांचं किती नुकसान होतं ते रुपयांत मोजायचं. बारामती आणि इंदापूर तालुक्यातली गावं त्यासाठी निवडली आहेत आणि घरोघर जाऊन प्रश्न विचारणारे आम्ही तिघं. मी दत्ता, निरवांगीचा. दुसरा बिरू. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन मुलूख फिरायचे, वडील आता ऊस लावतात आणि बिरू एम.ए. इकॉनॉमिक्स आहे. तिसरी रोहिणी, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, फार कमी बोलणारी. इतकी कमी, की ती शर्यतीत आहे हे आम्हा दोघांच्या लक्षातच आलं नाही.

शर्यत म्हणजे अशी. मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "पुढच्या टप्प्यात तुमच्यातल्या एकाला सुपरवायझर करणार." म्हणजे ऑफिसात स्वतःचं टेबल, फिरायला जीप आणि उन्हातान्हात मोटरसायकल मारणं बंद. मला ती जागा हवी होती. बिरूला ती मिळू नये, हेही मला तितकंच हवं होतं. कुठलं जास्त हवं होतं, ते मॅडमच्या पद्धतीने मोजायला पाहिजे.

*

मॅडमची पद्धत 'समजा'वर चालते. "समजा, ओढ्याचं पाणी पहिल्यासारखं स्वच्छ होणार असेल, तर त्यासाठी तुम्ही दरवर्षी किती द्याल?" लोक जो आकडा सांगतील, ती त्या स्वच्छ पाण्याची त्यांच्या लेखी किंमत. ट्रेनिंगमध्ये हे सगळं अगदी सोपं वाटलं होतं.

इंदापूरकडच्या एका गावात माझी पहिलीच मुलाखत होती. सुभद्राकाकू म्हणून एक बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांच्या विहिरीचं पाणी चहासारखं लाल झालेलं. मी घसा साफ करून प्रश्न विचारला. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी, घाण करनार त्ये, आनि साफ करायला पैशे देनार मी?"

"काकू, समजा म्हटलंय मी."

"आरं पर मीच का समजायचं? त्यांला जाऊन सांग की समजा म्हनून."

मी आकड्याच्या जागी काय लिहावं ते कळेना. तसाच कोरा कागद घेऊन परत आलो. मॅडम म्हणाल्या, "असं होतं. याला आम्ही 'निषेध' म्हणतो. हे उत्तर धरायचं नाही." दुसऱ्या दिवशी काहीतरी राहिलं होतं म्हणून मी पुन्हा काकूंकडे गेलो, तर त्यांनीच विचारलं, माझ्या बोलण्याचं काय केलं? मी सांगितलं, निषेध म्हणून बाजूला ठेवलं.

"निषेध न्हवता त्यो," काकू म्हणाल्या, "उत्तर व्हतं."

हा किस्सा मी टपरीवर सांगितला तेव्हा सगळे हसले. बिरूसुद्धा हसला. त्या दिवशी मी फार सुखात होतो. पण ते सुख एवढंच.

*

बिरूची ख्याती अशी, की कुठल्याही दारात त्याला चहा मिळतो. मी गेलो की लोक म्हणतात, मालक शेतात गेलेत. तोच मालक बिरूसाठी आतून टॉवेल खांद्यावर टाकत बाहेर येतो. मला वाटायचं, चेहऱ्याचा फरक असेल. मग एकदा त्याच्या मागे उभा राहून बघितलं. तो प्रश्नाला हातच घालत नाही. आधी गोठ्याकडे जातो. जनावराच्या पाठीवर हात फिरवतो आणि विचारतो, "हिचा पाय बरा दिसतोय आता?" किंवा "दूध कमी केलं का हिनं?" जनावर दुसऱ्याचं, पण चौकशी अशी की पाहुणा सासुरवाडीला आलाय. मग घरातले लोक आपणहून बोलायला लागतात. पाणी कसं लाल झालं, ऊस कसा पिवळा पडला, सगळं.

आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, तिथे गोठा नाही. तर हा गडी मॅडमना त्यांच्या पुण्याच्या मांजराबद्दल विचारतो! "मॅडम, मांजराचा पाय कसा हाय?" मांजराचा पाय दुखावला होता हे मला माहीतच नव्हतं. मांजर आहे, हेच माहीत नव्हतं.

मी ठरवलं, आपणही करू. दुसऱ्या दिवशी एका वस्तीवर गेलो, मालक दारातच बसले होते. मी हसून विचारलं, "काय मालक, म्हैस काय म्हणते?"

मालकांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाले, "इकली परवा. त्याचंच रडं चालू हाय घरात, आन् तुमी आलाय इचारायला."

आत खरोखरच कुणीतरी डोळे पुसत होतं. चहा सोडाच, मला पाणीसुद्धा मिळालं नाही.

*

राखेचं नुकसान मोजायची रीत वेगळी. कपडे पुन्हा धुवावे लागतात, साबण जास्त लागतो, वाळवण खराब होतं, ते सगळं विचारायचं. ही गावं रोहिणीकडे होती. तिने सांगितलेला हा एकच किस्सा, पण मला अजून आठवतो.

एका वस्तीवर दोन जावा शेजारी शेजारी राहतात. मधे फक्त तुळशीचं वृंदावन. थोरलीच्या अंगणात राख पडते, धाकटीच्या पडत नाही, कारण वाऱ्याची दिशाच तशी. थोरलीने रोहिणीला पापड दाखवले, चादरी दाखवल्या, नातवाचं झबलं दाखवलं. सगळं काळं. रोहिणीने सगळं लिहून घेतलं आणि शेवटचा प्रश्न विचारला, "समजा, ही राख उद्यापासून पूर्ण बंद करता आली, तर तुम्ही किती द्याल?"

थोरलीने तुळशीवरून नजर टाकली. पलीकडे धाकटी पांढरीशुभ्र साडी वाळत घालत होती.

"बंद कशाला करायची," ती म्हणाली, "नुस्ती तिकडं वळवता येती का बगा. त्याचं देते मी."

मॅडमनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. त्यांच्या पद्धतीत राख कमी होण्याची किंमत काढता येते. राख शेजारी पडण्याची किंमत कशी काढायची, ते त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

*

खरा घोळ झाला डाळजला. तिथे आम्ही प्रश्न उलटा केला होता. सुभद्राकाकूंचं म्हणणं मॅडमच्या मनात राहिलं असावं, कारण आता विचारायचं होतं, "समजा पाणी असंच राहणार असेल, तर ते सोसायला तुम्हाला भरपाई म्हणून किती मिळायला हवं?" हायवेपासून आत दोन चुलतभावांची रानं एकमेकांना लागून. बांधावरून भांडण त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचं. थोरल्याकडे मी गेलो. त्याने प्रश्न नीट ऐकला आणि विचारलं, "त्यानं किती सांगितलं?"

"कोणी?"

"त्यानंच." मान बांधाकडे.

मी म्हटलं, ते सांगता येत नाही, नियम आहे. "मग मीबी न्हाय सांगत," तो म्हणाला, आणि उसाला पाणी द्यायला निघून गेला. तिकडे धाकट्याकडे बिरू बसला होता. म्हशीची चौकशी, चहा, सगळं झालं होतं. त्याने प्रश्न विचारला. धाकटा म्हणाला, "थोरल्यानं किती सांगितलं?"

बिरूने सांगितलं, अजून काहीच नाही सांगितलं.

"मग त्याच्यापेक्षा रुपाया जास्त लिवा."

"पण त्यांचा आकडाच नाही."

"यील की. आला की वर रुपाया टाका."

आम्ही दोघं बांधावर भेटलो आणि कोरे फॉर्म एकमेकांना दाखवले. तेवढ्यात थोरला उसातून परत आला. त्याने तोडगा काढला होता. "असं करा सायब," तो मला म्हणाला, "मला काय बी नको. एक पैसा नको. पर त्याला बी देऊ नका. मग पानी असंच ऱ्हाऊ द्या, माझी तक्रार न्हाय."

मी ऑफिसात येऊन मॅडमना सांगितलं, की एका माणसाच्या लेखी लाल पाण्याचं नुकसान शून्य आहे, अट फक्त शेजाऱ्याची. मॅडम आधी चिडल्या. पण पुढच्या काही गावांतही तेच. आकडा सांगायच्या आधी लोक शेजाऱ्याचा आकडा विचारत. शेवटी मॅडमनी फॉर्मवर उत्तरांचे जे कोड असतात त्यांत एक नवा घातला. कोड नऊ: 'शेजाऱ्याने किती सांगितले, असे विचारले.'

मग काय, ऑफिसात तो शब्दच झाला. रोहिणीने नवा मोबाइल आणला, मी जरा जास्त वेळ हातात धरून बघितला, बिरू म्हणाला, "नऊ." बिरूच्या मुलाखती भराभर संपल्या आणि मी म्हटलं की त्याला सोपी गावं देतात, तर तो चहा ढवळत म्हणाला, "नऊ." एकदा मॅडम दिल्लीला परिषदेत प्रोजेक्ट सांगून आल्या. आम्ही विचारलं, कसं झालं? त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण शेजारच्या हॉलमध्ये जास्त गर्दी होती." रोहिणी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी खाली बघून म्हणाली, "नऊ." मॅडमनी आधी डोळे मोठे केले आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बिरूला मात्र कुणी कधी 'नऊ' म्हणालं नाही. तशी संधीच तो द्यायचा नाही. दुसऱ्याचं बघून जळणं त्याच्या स्वभावातच नाही, असं सगळे म्हणायचे. हे ऐकून मी आणखी जळायचो.

*

टॅक्सचं नुकसान हा मॅडमचा लाडका विषय. त्या म्हणायच्या, टॅक्सचे पैसे सरकारकडे जातात ते खरं नुकसान नव्हे, ते नुसते या खिशातून त्या खिशात गेले. टॅक्सला भिऊन माणूस जे करतच नाही, ते नुकसान. न बांधलेली खोली, न उघडलेलं दुकान. ते कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

तर आमच्या निरवांगीत एक आबा आहेत. आमच्याच गल्लीतले. त्यांच्या घराला बाहेरून प्लास्टर नाही, नुसत्या विटा. कारण प्लास्टर केलं, रंग दिला की घर चांगलं दिसतं, आणि चांगलं दिसलं की ग्रामपंचायत घरपट्टी वाढवते अशी त्यांची पक्की समजूत. त्या घराच्या ओट्यावर मी लहानाचा मोठा झालो. पण नियम असा, की स्वतःच्या गावात मुलाखत घ्यायची नाही. म्हणून निरवांगीला बिरू गेला. त्याने आबांचं सगळं लिहून आणलं आणि मॅडम खूश झाल्या. "बघा, न केलेलं प्लास्टर! हेच मला पाहिजे होतं." त्यांनी ते रिपोर्टात घातलं, खाली 'बिरू खरात यांचे निरीक्षण' असं लिहून. माझा ओटा, माझे आबा, आणि निरीक्षण बिरूचं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्यातून घरी वेगळाच ताप. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी मी घरी आलो की आधी विचारणार, "खराताच्या पोराचं काय झालं, लागला का सायब?" माझं काय झालं, ते त्याच्यानंतर. बिरू आमच्या गावात आला होता तेव्हा त्याने तात्यांच्या बैलाचीही चौकशी केली होती, हे मला नंतर कळलं.

महिन्याभराने बिरू काहीतरी तपासायला पुन्हा निरवांगीला गेला आणि बघतो तर आबांचं घर प्लास्टर करून, वर झगझगीत हिरवा रंग. तो गडबडला. रिपोर्ट तर छापायला गेला होता. त्याने आबांना विचारलं, "आबा, आता घरपट्टी परवडते का?"

आबांनी समोर बोट केलं. समोर त्यांच्या धाकट्या भावाने घराला पिवळा रंग लावला होता.

"घरपट्टी परवडत न्हाय," आबा म्हणाले, "पर त्यो पिवळा रंग सोसवत न्हाय."

बिरूने हा किस्सा टपरीवर सांगितला तेव्हा मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो. त्याचं निरीक्षण छापून यायच्या आधीच खोटं ठरलं होतं ना.

*

आता शेवटचं सांगतो. ती सुपरवायझरची जागा रोहिणीला मिळाली. आज आमच्या प्रवासखर्चाच्या बिलांवर ती सही करते आणि जीपमध्ये पुढे बसते. जागा तिला कशी मिळाली, ते असं.

मॅडमनी तिघांना एकाच दिवशी बोलावलं. एकेकाने आत यायचं. मॅडमची केबिन म्हणजे काय, हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक भिंत, वरून उघडी. पहिली रोहिणी गेली. माझा चहा निवायच्या आत परत आली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"पगार किती हवा ते."

"मग?"

"सांगितला."

"किती?"

"दत्तादादा, मॅडम आत बोलावतायत," ती म्हणाली आणि स्वतःचा चहा घेऊन बसली.

मी तयारीनिशी आलो होतो. आकडा आदल्या दिवशीच काढला होता, तात्यांनाही विचारला होता, आरशासमोर म्हणूनही बघितला होता. तोंडात अगदी तयार होता. मी आत गेलो. मॅडमनी चष्मा पुसला, माझ्या कामाचं कौतुक केलं, सुभद्राकाकूंचं उत्तर त्यांना अजून आठवतं म्हणाल्या. मी खुर्चीत सरसावून बसलो. मग त्यांनी विचारलं, "सुपरवायझर झालात तर तुम्हाला पगार किती मिळायला हवा?"

बाकावर बिरू बसलेला मला प्लायच्या फटीतून दिसत होता. नवा शर्ट घालून आला होता.

"बिरूनं किती सांगितलं?" मी म्हटलं.

"तो अजून आत आलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

"तरी, अंदाजे?"

मॅडमनी पेनचं टोपण काढलं, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "नऊ."

मी बाहेर आलो. जागा गेली हे मला कळलं होतं, आणि आता ती कुणाकडे जाणार तेही मला कळलं होतं. बिरूने उठून शर्ट खाली ओढला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेला. ते थोपटणं मला सगळ्यात जास्त लागलं. मी रोहिणीशेजारी जाऊन बसलो. मनात मी तात्यांना सांगत होतो, लागला, खराताचा पोरगा साहेब लागला. रोहिणीने न बोलता तिच्यातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

प्लायच्या पलीकडून सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी बिरूचं कौतुक केलं, माझ्यापेक्षा जास्त वेळ. मग प्रश्न विचारला, तोच, त्याच शब्दांत. बिरूचा आवाज आला, गोठ्यात शिरताना असतो तसा, एकदम मऊ.

"मॅडम, मांजराचा पाय कसा हाय आता?"

"बरा आहे."

"बरं झालं." खुर्ची जरा पुढे सरकल्याचा आवाज झाला. "आन् दत्तानं किती सांगितलं?"